आठ ठोक्यांचं पाणी

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या देशाचा हिमालय तीन महिने सिल्वासाच्या किलवणी रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मुक्कामाला होता. सोबत वाळवंट, समुद्र, भाताची शेतं आणि एक मोठं पाणी, असा सगळा देश त्याच शेडमध्ये दाटीवाटीने राहत होता. हिमालयाची जबाबदारी दोन ट्रम्पेटवाल्यांवर होती. त्यातल्या एकाची मंगळवारी सेकंड शिफ्ट असे, त्यामुळे मंगळवारी देशाला अर्ध्या हिमालयावर भागवावं लागे. याची नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात नाही, म्हणून ती मी इथे करून ठेवतो.

मी सिल्वासातला बँडमास्तर. लग्नाच्या वरातीत पुढे क्लॅरिनेट घेऊन उलटा चालणारा, लाल कोटातला जाडा माणूस तुम्ही पाहिला असेल, तो मीच किंवा माझ्यासारखाच दुसरा. वडील शिरपूरकडून इथे बँड घेऊन आले. कंपन्या वाढल्या तशी माणसं वाढली, माणसं वाढली तशी लग्नं वाढली. माझे वादक खानदेशातले, थोडे गुजराती, एक बिहारी. लग्नसराईत अंगावर लाल कोट, एरवी कंपनीचा निळा शर्ट. आमच्यात कुणी प्लास्टिकच्या बादल्या काढतं, कुणी यार्नचे, म्हणजे सुताचे, बॉबिन बदलतं. बँडवर पोट चालतं असं म्हणणारा बँडवाला तुम्हाला भेटला, तर तो दुसऱ्या एखाद्या गोष्टीतही खोटं बोलत असेल.

बाहेरच्यांना आमच्या धंद्याचं एक गुपित माहीत नसतं. आमचा बँड मास्तर चालवत नाही. मास्तर हातवारे करतो, डोळे वटारतो, फोटोत येतो. बँड चालवतो तो मागचा मोठा ढोलवाला. त्याने दोन ठोके दिले की सगळे सुरू होतात. आम्ही कागदावरून वाजवत नाही, कानावरून वाजवतो, आणि ते कान कायम मागे, ढोलाकडे लागलेले असतात. त्याचे दोन ठोके पडत नाहीत तोवर पुढे प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने काठी हलवली तरी एकही तोंड फुंकत नाही.

आमचा ढोलवाला म्हणजे सुकलाल नाना. वडिलांच्या वेळचा माणूस. उंची पाच फूट, ढोलाच्या मागे उभा राहिला की फक्त टोपी दिसायची. घरात, वरातीत, साहेबासमोर, सगळीकडे अहिराणीच बोलणार. समोरच्याला समजो न समजो, तो त्याचा प्रश्न.

नानांचं एकच तत्त्व होतं, आणि ते आमच्या धंद्याचंही तत्त्व आहे: शांतता पडू द्यायची नाही. बँड थांबला की वरात थांबते. वरात थांबली की नाचणाऱ्यांना आपण दमलोय हे आठवतं. आणि मग नवरदेवाचा मामा बिदागी कापायला येतो. नवरदेवाचा मामा ही काय चीज आहे ते बँडवाल्याला विचारा. त्यामुळे एक गाणं संपून दुसरं सुचेपर्यंत ढोल चालूच ठेवायचा. नरोलीच्या एका लग्नात घोडी बुजली आणि नवरदेव सरळ गटारात गेला. नानांनी ठेका सोडला नाही. चौघांनी त्याला वर काढला तोही ठेक्यात, आणि लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. दुसऱ्या एका वरातीत समोरून अंत्ययात्रा आली. आम्ही सगळे गारठलो, वाद्यं खाली. नानांनी मात्र तोच ठेका जरासा धीमा करून भजनाचा केला. मयताच्या मुलाने जाताना आम्हाला हात जोडले. यात्रा वळणाआड गेल्याबरोबर ठेका पुन्हा चढला आणि वरात नाचू लागली. मधे एका श्वासाचीही शांतता नाही. तेव्हा मला या माणसाचा केवढा अभिमान वाटला होता. याच गुणावर पुढे आमचा देश बुडायची वेळ येईल असं कुणाला वाटलं असतं?

तर तीन वर्षांपूर्वी, चातुर्मासात, लिमये साहेब शेडवर आले. हातात जाड फाईल. साहेब मूळचे नाशिकचे, इथल्या एका यार्न कंपनीत सव्वीस वर्षं, शेवटी प्लांट मॅनेजर. आमचे तिघं, त्यांत नानाही, त्यांच्याच हाताखाली होते, ते साहेबाला बघून आपोआप उभे राहिले. साहेब म्हणाले, दिवाळीआधी मी रिटायर होतोय. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं नकोत, या सगळ्या वर्षांत फावल्या वेळात लिहिलेली माझी एक रचना वाजवा. कसली रचना, तर आपल्या देशावर. डोंगर, वाळवंट, शेतं, जत्रा, समुद्र, सगळं वाद्यांत. शब्द नाहीत, गायक नाही. पाऊण तास.

मी फाईल उघडली. आत पाच रेघांवर मुंग्या लागल्यासारखं काहीतरी होतं, आणि समासात वाद्यांची नावं: सोळा व्हायोलिन, चार चेलो, वीणा, बासऱ्या. मी नम्रपणे सांगितलं की आमच्याकडे दोन ट्रम्पेट, तीन क्लॅरिनेट, युफोनियम नावाचा एक जाड आवाजाचा पितळी भोंगा, एक बेंजो आणि दोन ढोल आहेत, पैकी एकाला ठिगळ आहे. साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग फाईलवर सोळा व्हायोलिन खोडून त्यांनी लिहिलं, बेंजो. सव्वीस वर्षांचं काम त्यांनी असं एका रेघेत खोडलं, हे मी बघितलं, आणि नाही म्हणायला काढलेला शब्द गिळला.

बेंजोवाला जिग्नेश शेजारच्या वापीचा, तिशीतला. त्याने कागद उलटासुलटा केला. "मास्तर, हे वाजवायचं छे का मच्छरदाणीला लावायचं छे?"

साहेबांनी कंपनीच्या वर्कशॉपमधून आम्हाला कागद ठेवायला लोखंडी स्टँड करून आणले. इतके मजबूत की त्यावर माणूस बसला असता. आम्ही त्यांच्यावर रुमाल वाळत घातले. साहेब पेटीवर वाजवून दाखवत, मी क्लॅरिनेटवर उचलत असे, आणि मग पोरांना शिकवत असे. सूर आले, पण भाव येईनात. साहेब म्हणत, "इथे हिमालयाची भव्यता हवी." पोरं माझ्याकडे बघत. त्यांच्यातल्या एकानेही हिमालय बघितला नव्हता, आणि साहेबांनीही बघितला नव्हता असं पुढे कळलं. मग मी भाषांतर सुरू केलं. हिमालय म्हणजे वरात मांडवाच्या दारात पोचते आणि आतले सगळे उठून उभे राहतात, ते. वाळवंट म्हणजे आपण वेळेवर आलोय आणि मुलीकडचं कुणीच अजून आलेलं नाही, ते. शेतं म्हणजे हळद. समुद्र म्हणजे पंगत, एक उठते तोच दुसरी बसते. एका आठवड्यात देश उभा राहिला. साहेबांना आधी हे फार लागलं. नंतर मी त्यांच्या फाईलीत डोकावलो, तर हिमालयाच्या पानावर त्यांनीच पेन्सिलने बारीक लिहून ठेवलं होतं: मांडवाचं दार.

दुसरी अडचण खुर्च्यांची. अशा संगीताला बसून वाजवतात म्हणे. आमच्या माणसांचा श्वास पायांतून येतो. बसवलं की युफोनियमचा आवाज वासरासारखा यायचा. शेवटी साहेबांनी उभं राहायला आणि जागच्या जागी पाय हलवायला परवानगी दिली. आमचा हिमालय त्यामुळे किंचित डुलायचा, पण उभा राहिला.

आणि मग आलं ते पान. शेवटच्या भागाच्या आधी, समुद्र गरजून झाल्यावर, साहेबांनी फक्त एक रिकामी जागा ठेवली होती. आठ ठोके पडतील एवढा वेळ. कुणीही काहीही वाजवायचं नाही. त्यानंतर नानांचे दोन ठोके आणि शेवट.

"हे काय आहे साहेब?" मी विचारलं.

"हे पाणी आहे," ते म्हणाले. "बाकी सगळं चुकलं तरी चालेल, मास्तर. हे चुकवू नका."

पहिल्या दिवशी समुद्र थांबला, आणि दुसऱ्याच ठोक्याला मागून आला धडाम धड. नानांनी भोक बुजवलं होतं. साहेबांनी समजावलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा धडाम धड. नानांना स्वतःलाही वाईट वाटत होतं. ते म्हणाले, "मास्तर, गप बसाले मन्हा हातले जमत नही." मी काठ्या काढून घेतल्या, त्यांनी तळहाताने वाजवलं. ढोल लांब ठेवला, त्यांनी पाय आपटला. जिग्नेशने त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले, तर नानांच्या तोंडातून टकटक आवाज निघाला आणि त्यावर युफोनियमवाला बिनधास्त सुरू झाला. चाळीस वर्षांची सवय होती. त्या माणसाला शांतता ऐकू आली की मामा दिसायचा.

एका संध्याकाळी लिमये वहिनी चिवड्याचा डबा घेऊन शेडवर आल्या. साहेब ट्रम्पेटवाल्यांशी हुज्जत घालत होते तेव्हा त्या मला बाजूला घेऊन बोलल्या. साहेब सव्वीस वर्षं मशीन हॉलमध्ये. तिथे कानात बोळे घालून काम करतात, पण साहेब पुष्कळदा काढून ठेवत, कारण मशीन कुठे दुखतंय ते ऐकू यायला हवं. आता डॉक्टरांनी सांगितलंय की कान चाललेत. बारीक आवाज गेलेच आहेत, उरलेलेही जातील. "ही रचना मी स्वयंपाकघरात पेटीवर इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलीय की मला ती पाठ आहे," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी मात्र ती सगळ्या वाद्यांत, सलग, एकदाही ऐकलेली नाही. एकदा ऐकू दे, मास्तर. नीट."

मी चिवड्याची मूठ परत डब्यात टाकली. मी एरवी असल्या प्रसंगी काहीतरी विनोद करून सुटतो. त्या दिवशी नुसतं डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं, तुमचं हे पाणी आहे तरी कुठलं? ते म्हणाले, "इथल्या दुधनीचं. धरणाचं. मशीनमधून सुटलो की दर रविवारी मी तिथे जाऊन बसतो. देश म्हणून काय लिहायचं याचा विचार करत होतो, तेव्हा शेवटी मला तेच आठवलं."

रविवारी सकाळी मी सगळ्यांना टेम्पोत घातलं आणि दुधनीला नेलं. पाणी काठोकाठ भरलेलं, पलीकडे हिरवे डोंगर, वारा नाही. नाना या काठावर कमीत कमी दहा वेळा आले होते, पण दरवेळी ढोल गळ्यात, पुढे नवरदेव. नुसते म्हणून कधी आलेच नव्हते. तीस वर्षं हा माणूस माझ्याबरोबर आहे, आणि मी त्याला एकदाही असंच चला म्हणून इकडे आणलं नव्हतं. हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं, आणि अजून टोचतं.

साहेबांनी नानांना दगडावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. प्लांट मॅनेजर आणि बॉबिन बदलणारा, एकाच दगडावर. समोर एक कोळी होडी घेऊन निघाला होता. साहेब म्हणाले, नाना, मोजू बिजू नका. त्या वाळलेल्या झाडापासून त्या काळ्या खडकापर्यंत होडी जाईल, तेवढाच वेळ गप्प राहायचं. खडक आला की तुमचे दोन ठोके.

होडी निघाली. नानांची बोटं गुडघ्यावर वळवळली, मग थांबली. अर्ध्या वाटेत त्या कोळ्याने वल्हं आत घेतलं आणि तो निवांत जाळं ओढू लागला. ओढतोय, झटकतोय, पुन्हा ओढतोय. साहेब जरा अस्वस्थ झाले. "हे धरू नका हं नाना. हा जाळं काढतोय. ते सोडून बाकीचं धरा." नानांनी मान हलवली, पण नजर होडीवरच होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. होडी खडकाला लागली, तेव्हा नानांनी हवेतच दोन ठोके दिले, आणि पहिल्यांदा बोलले. "इतलं पानी शे, आन आवाजच नही."

त्यानंतर शेडमध्ये चमत्कार झाला. समुद्र थांबला की नाना काठ्या काखेत धरायचे, डोळे घट्ट मिटायचे आणि होडी सोडायचे. आठ ठोक्यांत होडी बरोबर खडकाला लागायची आणि दोन ठोके पडायचे. एकदाही चूक नाही. फक्त डोळे उघडे ठेवले की बिघडायचं, म्हणून आम्ही म्हटलं, मिटा डोळे, कुणाचं काय जातंय. जगातल्या सगळ्या मोठ्या गोंधळांच्या आधी कुणीतरी हे वाक्य म्हटलेलं असतं.

कार्यक्रम दुपारी चारला, सिल्वासाच्या एका हॉलमध्ये. दोन शिफ्टचे लोक, मागे उभे राहिलेलेही. पुढच्या रांगेत मुंबईच्या हेड ऑफिसचे मोठे साहेब, त्यांच्या शेजारी वहिनी. आमचे लाल कोट इस्त्री केलेले. लिमये साहेब काठी घेऊन आमच्याकडे तोंड करून उभे. खरं तर त्या काठीकडे कुणी बघत नव्हतं, पण ते त्यांना सांगायचं धैर्य तीन महिन्यांत कुणालाही झालं नाही, मलासुद्धा.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. रचना शेवटपर्यंत वाजली. लोक उभे राहिले. ते सगळं अनेकांच्या मोबाईलवर आहे. साहेब नाशिकला गेले, आता उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही असं वहिनी फोनवर सांगतात. नाना शिरपूरकडे गावी असतात. वराती आता डीजेच्या गाडीमागे जातात, आणि डीजेवाल्यांचं तत्त्वही तेच आहे, शांतता पडू द्यायची नाही. फक्त त्यांना दुधनीला नेऊन काही उपयोग होईल असं वाटत नाही.

मला सांगायचंय ते मधलंच. हिमालय डुलत उभा राहिला. हळद लागली, मुलीकडचे उशिरा आले, पंगती उठल्या. समुद्र गरजला आणि थांबला. नानांनी काठ्या काखेत धरल्या, डोळे मिटले. हॉलमध्ये एवढी माणसं, पण एक खोकला नाही. एक, दोन, तीन, मी मनात मोजत होतो. सात, आठ. साहेबांनी काठी खाली आणली.

काही झालं नाही.

साहेबांनी पुन्हा काठी खाली आणली. सगळे वादक मागे नानांकडे बघतायत. नाना डोळे मिटून, चेहऱ्यावर रविवार. बारा झाले, सोळा झाले. पुढच्या रांगेतल्या मोठ्या साहेबांना वाटलं संपलं, त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या, कुणीच साथ दिली नाही तेव्हा हात मांडीखाली घातले. निवेदक माइककडे अर्धा सरकला. माझ्या ओठांत क्लॅरिनेटची पत्ती होती, आणि खरं सांगतो, मी फुंकणारच होतो. आम्ही सगळे मामाची वाट बघणारी माणसं. पण माझी नजर वहिनींकडे गेली. त्याही डोळे मिटून बसल्या होत्या आणि हसत होत्या. मी पत्ती ओठांतून काढली.

वीस झाले असतील. ज्या माणसाने या शांततेसाठी तीन महिने आमचा जीव खाल्ला, तोच आता घामाघूम होऊन स्टँडवरून पुढे वाकला. कमी ऐकू येणाऱ्या माणसांची कुजबुजही हॉलभर ऐकू जाते. "नाना, वाजवा हो. काहीही वाजवा."

नानांनी डोळे उघडले नाहीत. काखेतल्या काठ्या आणखी घट्ट धरल्या, आणि लहान मुलाला समजवावं तसं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थांबा ना सायेब. तो आजून जाळं काढी ऱ्हायना."